रविवारची सुट्टी इंग्रजांनी फुकटात दिली नाही, ती नारायण मेघाजी लोखंडेंनी मिळवली

परभणीच्या बाजारात तुमचं किराणा दुकान असो, कपड्याचं असो की छोटी ऑईल मिल, एक वाद कधी ना कधी झालेला असतो. कामावरचा पोरगा सुट्टी मागतो आणि मालक म्हणतो, दुकान बंद ठेवून कसं चालेल?

हाच वाद १४० वर्षांपूर्वी मुंबईत पेटला होता. तो लढवणारा माणूस म्हणजे नारायण मेघाजी लोखंडे.

लोखंडेंचा जन्म १८४८ चा, ठाण्याचा. मूळ गाव पुणे जिल्ह्यातलं कन्हेरसर. घरची परिस्थिती बेताची, त्यामुळे शिक्षण अर्धवट सुटलं. रेल्वे आणि टपाल खात्यात नोकरी केली आणि पुढे मुंबईतल्या एका कापड गिरणीत ते स्टोअरकीपर झाले. म्हणजे पगार मालकाचा, पण डोळ्यांसमोर रोज दिसायचे कामगारांचे हाल.

दिवस उजाडला की गिरणी सुरू आणि अंधार पडला की बंद. आठवड्याची ठरलेली सुट्टी नाही. कधी सुट्टी मिळालीच तर यंत्रं साफ करायला बोलावणं यायचं. १८८१ चा पहिला फॅक्टरी कायदा होता, पण तो मुख्यतः लहान मुलांपुरता. मोठ्यांसाठी त्यात सुट्टीचा विषयच नव्हता.

लोखंडे महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते. १८८० पासून त्यांनी 'दीनबंधू' हे वर्तमानपत्र चालवलं आणि त्यातून कामगारांचे प्रश्न मांडले. १८८४ मध्ये त्यांनी बॉम्बे मिल हॅण्ड्स असोसिएशन काढली. आजच्यासारखी वर्गणी, सभासद यादी असं तिथं काही नव्हतं. पण गिरणी कामगारांची एकत्र बाजू मांडणारी ती देशातली पहिली संघटना मानली जाते.

त्याच वर्षी परळच्या सभेत मागण्या ठरल्या. आठवड्यातून रविवारी सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत. काम करताना दुखापत झाली तर बरं होईपर्यंत पगार. साडेपाच हजार कामगारांनी अर्जावर सह्या केल्या.

मालकांनी दाद दिली नाही.

रविवारच का, असाही प्रश्न निघाला. तेव्हा लोखंडेंनी रविवार हा खंडोबाचा वार असल्याचं उत्तर दिलं, असं सांगितलं जातं.

सहा वर्षं गेली. २४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे दहा हजार कामगार जमले. दोन कामगार महिलांनीही भाषणं केली. अखेर १० जून १८९० ला गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली आणि १८९१ च्या फॅक्टरी कायद्यात साप्ताहिक सुट्टी आली.

आता परभणी तेव्हा निजामाच्या राज्यात होतं, त्यामुळे ब्रिटिश हिंदुस्थानातला हा कायदा इथे लागू नव्हता. पण आज महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात आठवड्यातून सलग २४ तासांची सुट्टी आहे आणि त्या दिवसाचा पगार कापता येत नाही. सुट्टीच्या दिवशी कामाला बोलावलं, तर दोन महिन्यांच्या आत बदली सुट्टी द्यावी लागते. सुट्टी रविवारीच हवी असं नाही. दुकान सातही दिवस उघडं ठेवा, पण माणसांच्या सुट्ट्या आलटून पालटून लावा. तक्ता लिहून भिंतीवर चिकटवला की निम्मी भांडणं तिथंच मिटतात. पगाराचंही तसंच. लोखंडे १५ तारीख मागत होते, आजचा कायदा महिन्याचा पगार पुढच्या सात तारखेच्या आत द्यायला सांगतो.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. लोक शहर सोडून पळत होते, तेव्हा लोखंडे रुग्णांसाठी राबत राहिले. त्याच प्लेगने ९ फेब्रुवारी १८९७ ला त्यांचा जीव घेतला. वय होतं अवघं ४८.

२००५ मध्ये भारत सरकारने त्यांच्यावर टपाल तिकीट काढलं. पण येत्या रविवारी, किंवा तुमच्याकडे जो वार ठरला असेल त्या दिवशी, कामावरच्या माणसाला न कुरकुरता घरी जाऊ दिलंत, तर ती आठवण तिकिटापेक्षा मोठी ठरेल.