पदवी एक, विषय अनेक

मळवली स्थानकापासून जवळच असलेल्या भाजे गावच्या डोंगरात इसवी सनापूर्वीची बौद्ध लेणी आहेत. कार्ले-भाज्यांसारख्या लेण्यांचा संबंध जुन्या व्यापारी मार्गांशी जोडून दाखविणारे दामोदर धर्मानंद कोसंबी (१९०७-१९६६) पेशाने गणिताचे प्राध्यापक होते.

हार्वर्ड विद्यापीठात विषय निवडताना त्यांच्यापुढे पेच होता. गणितज्ञ जॉर्ज बर्कहॉफ यांनी केवळ गणितावर लक्ष एकवटण्याचा सल्ला दिला. तो न मानता कोसंबींनी भाषा, इतिहास असे नाना विषय घेतले. १९२९ मध्ये ते सर्वोच्च सन्मानासह बी. ए. झाले; मात्र डॉक्टरेट न करताच मायदेशी परतले. त्याच हार्वर्डमध्ये पाली ग्रंथांवर काम केलेल्या वडिलांपाशी, धर्मानंदांपाशी, तर कोणतीच पदवी नव्हती!

बनारस, अलीगढ, फर्ग्युसन आणि १९४५ पासून टाटा मूलभूत संशोधन संस्था, नोकरी गणिताचीच. पण त्याच गणिताने त्यांनी प्राचीन नाण्यांची वजने अभ्यासली. भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती १९४८ मध्ये सिद्ध केली. मुंबईला नेणारी डेक्कन क्वीन मळवली न थांबता मागे टाकी. एरवी मात्र ते याच परिसरातील देवींची ठाणी नि जुन्या वाटा पायी हिंडून नोंदवीत. भारतीय इतिहासावरील त्यांचा १९५६ चा ग्रंथ या नोकरीतच लिहिला गेला. १९६२ मध्ये संस्थेने त्यांचा करार पुढे वाढविला नाही.