र. धों. आणि न विचारलेला प्रश्न

महर्षी धोंडो केशव कर्वे आपल्या सगळ्यांना ठाऊक असतात. त्यांच्या थोरल्या मुलाचं, रघुनाथरावांचं नाव मात्र घरात जरा हळू आवाजात घेतलं जायचं. १८८२ साली जन्मलेले र. धों. नऊ वर्षांचे असताना त्यांची आई गेली. पुढे पुण्यात शिकून ते मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक झाले. गणिताच्या माणसाने बायकांच्या बाळंतपणांचा हिशेब मांडायला घेतला, तोही त्या काळात!

१९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचा दवाखाना निघाला होता, म्हणजे आपला माणूस काही मागे नव्हता. कॉलेजने सांगितलं, हा प्रचार थांबवा नाहीतर नोकरी सोडा. त्यांनी १९२५ मध्ये नोकरी सोडली. संसाराचा भार पत्नी मालतीबाईंनी उचलला. मूल न होऊ देण्याचा निर्णयही दोघांनी घेतला होता. मला विचाराल तर मालतीबाईंवर वेगळा लेख व्हायला हवा.

जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक निघालं. त्याच्या मुखपृष्ठावरची उघडी चित्रं मला पटत नाहीत, पण आतला मजकूर पटतो. वाचक मनातली भीती पत्राने कळवत आणि र. धों. सरळ शब्दांत उत्तर देत. अश्लीलतेबद्दल १९३१ मध्ये त्यांना दंड झाला. १९३४ मध्ये तर वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरच खटला भरला गेला. तेव्हा त्यांची बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. खटला हरले, दोनशे रुपये दंड झाला. मासिक मात्र सुरूच राहिलं. १४ ऑक्टोबर १९५३ रोजी र. धों. गेले, तेव्हा पंचाण्णव वर्षांचे महर्षी हयात होते. २००१ मध्ये अमोल पालेकरांनी त्यांच्यावर ‘ध्यासपर्व’ चित्रपट काढला.

मैत्रिणींनो, हे आज सांगायचं कारण म्हणजे तसे प्रश्न अजून आहेत, फक्त पत्र लिहायला मासिक नाही. आमच्या कोलाड-रोह्याकडून हृदयाच्या मोठ्या उपचारासाठी पनवेल, मुंबई गाठावी लागते. पेशंट घरी येतो तेव्हा कागदावर तेल-मीठ, चालणं, गोळ्यांच्या वेळा सगळं असतं. नवरा-बायकोच्या संबंधांबद्दल मात्र बहुतेक वेळा एक ओळ नसते. मग घरातली म्हातारी माणसं ठरवतात. बायको आपलं अंथरूण सासूच्या खोलीत हलवते. नवऱ्याला वाटतं आपण संपलो, तिला वाटतं आपल्यामुळे काही झालं तर? वर्ष-वर्ष कुणी बोलत नाही.

आणि हृदयतज्ज्ञ तर सांगतात की संबंधांमुळे झटका येण्याचं प्रमाण फार थोडं असतं. भरभर चालताना किंवा दोन जिने चढताना छातीत दुखत नसेल, दम लागत नसेल, तर बहुतेकांना काही आठवड्यांत पुन्हा सुरुवात करता येते. बायपास झाली असेल तर छातीचं हाड सांधायला सहा ते आठ आठवडे द्यायचे. नेमकं कधी, ते आपल्या डॉक्टरांनीच सांगायचं. काही गोळ्यांनी इच्छा कमी होते, पण म्हणून त्या परस्पर बंद करायच्या नाहीत. आणखी एक गोष्ट, अगदी जिवावरची. जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटसारखी गोळी चालू असेल, तर ताकदीची म्हणून मेडिकलमधून आणलेली व्हायग्रासारखी गोळी अजिबात घ्यायची नाही. रक्तदाब एकदम कोसळतो.

आमच्या बचत गटातल्या एकीने फेरतपासणीला जाताना हाच प्रश्न चिठ्ठीवर लिहून नेला. तोंडाने विचारवेना, म्हणून चिठ्ठी टेबलावर सरकवली. डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून समजावलं, पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत म्हणे.

बाईच पेशंट असली तर तिला कुणी विचारतच नाही. पोळ्या कधी लाटायला लागणार, एवढंच विचारतात. हृदयविकार झालेल्या बाईला नेहमीच्या संततिनियमनाच्या गोळ्या बऱ्याचदा चालत नाहीत, मग दुसरं काय वापरायचं, तेही त्याच चिठ्ठीत लिहायचं.