ओटो लोवी : न दिसणाऱ्या रसायनाचा माग काढणारा शास्त्रज्ञ



चेता हृदयाला संदेश देते तो विजेने की रसायनाने? शंभर वर्षांपूर्वी यावर मोठा वाद होता. तो मिटवणाऱ्या ओटो लोवी यांची आज ओळख करून घेऊया.

लोवींचा जन्म 3 जून 1873 रोजी जर्मनीतील फ्रँकफुर्ट येथे झाला. ओढा कलेच्या इतिहासाकडे, पण घरच्यांच्या इच्छेमुळे ते डॉक्टर झाले. रुग्णालयात क्षयाचे रोगी उपचाराविना दगावताना पाहिले आणि ते औषधांच्या संशोधनाकडे वळले. 1909 पासून ते ऑस्ट्रियात ग्राझ येथे प्राध्यापक होते.

1921 मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा प्रयोग अगदी साधा होता, बरं का! प्रयोगाची कल्पना आपल्याला झोपेत सुचली, असं ते सांगत. बेडकाची दोन हृदयं घेतली. पहिल्याची व्हेगस चेता उत्तेजित केली, तसे ठोके मंदावले. मग त्यातला द्रव दुसऱ्या हृदयात घातला. तेही मंदावलं! म्हणजे संदेश रसायनाचा होता. ते रसायन म्हणजे ॲसिटिलकोलीन, हे पुढे ठरलं. 1926 मध्ये लोवी आणि त्यांचे सहकारी नवरातिल यांनी हे रसायन मोडणारं विकर हृदयातच असल्याचं दाखवलं.

1936 मध्ये त्यांना हेन्री डेल यांच्यासोबत नोबेल मिळालं. पण दोनच वर्षांनी नाझींनी ऑस्ट्रिया घेतलं. ज्यू असलेल्या लोवींना दोन मुलांसह अटक झाली. जिवाची शाश्वती नव्हती, तरी तुरुंगातून त्यांनी आपलं ताजं संशोधन पोस्टकार्डावर लिहून पाठवलं! नोबेलची रक्कम नाझींच्या हवाली केल्यावरच देश सोडता आला. 1940 मध्ये ते अमेरिकेत गेले. 25 डिसेंबर 1961 रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांचं निधन झालं.

आता गंमत पाहा. आज ॲसिटिलकोलीन मोजायला विकर बसवलेला इलेक्ट्रोड वापरतात, त्याला जैवसंवेदक म्हणतात. लोवींना सापडलेल्या प्रकारचं विकर ॲसिटिलकोलीनपासून कोलीन मोकळं करतं. दुसरं विकर कोलीनवर क्रिया करून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतं. इलेक्ट्रोडवर त्याची क्रिया होऊन विद्युतप्रवाह मिळतो. जितकं रसायन जास्त, तितका प्रवाह जास्त. लोवींकडे असं यंत्र नव्हतं. दुसऱ्या बेडकाचं हृदय हाच त्यांचा संवेदक!

म्हणून हा धडा घेताना सनावळ्या पाठ करून घेण्याआधी मुलांना एवढंच विचारा : डोळ्यांना न दिसणारी गोष्ट तिथे आहे, हे तुम्ही कशावरून ओळखाल? उत्तरं येऊ द्या. मग बेडकाच्या हृदयाची गोष्ट सांगा.