विश्लेषण : आंबेनळी घाटात दमणारी जुनी फियाट आणि तिच्यामागचे वालचंद हिराचंद

महाडहून पोलादपूरला येऊन आंबेनळी घाटाने महाबळेश्वरकडे निघाले, की जुनी फियाट किंवा प्रीमियर पद्मिनी दमू लागते. म्हणून काही हौशी मालक कार्ब्युरेटर काढून फ्युएल इंजेक्शन बसवतात. ज्यांच्या हट्टातून ही गाडी महाराष्ट्रात बनली, ते वालचंद हिराचंद कोण होते? आणि हा बदल करताना काय पणाला लागते?

सावकारी सोडून कंत्राटदारी

वालचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात, गुजराती जैन व्यापारी कुटुंबात झाला. घरच्या सावकारीत मन रमेना, म्हणून त्यांनी रेल्वेतील माजी कारकून लक्ष्मणराव फाटक यांच्याशी भागीदारी करून बार्शी लाइट रेल्वेचे काम घेतले. पुढे बोरघाटातील रेल्वे बोगद्यांपर्यंत मजल गेली.

१९१९ मध्ये सहकाऱ्यांसह त्यांनी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभारली. ५ एप्रिल १९१९ रोजी या कंपनीची ‘लॉयल्टी’ बोट मुंबईहून लंडनला निघाली. तो दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन आहे. ब्रिटिश कंपन्यांनी दर पाडून कोंडी केली, तरी वालचंद मागे हटले नाहीत.

मोटारीसाठी झगडा

१९३९ मध्ये ते मोटार कारखान्यासाठी अमेरिकेला गेले. फोर्डशी जमले नाही, क्रायस्लर तयार झाली. पण युद्धकाळात ब्रिटिश सरकारने पाठबळ नाकारले. दरम्यान, डिसेंबर १९४० मध्ये त्यांनी म्हैसूर संस्थानाच्या साथीने बंगळुरूत हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी काढली. १९४२ मध्ये तिच्यातील त्यांचा हिस्सा सरकारने घेतला.

मोटारीचा नाद मात्र सुटला नाही. १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिली वाहने बाहेर पडली. सुरुवातीला परदेशी भाग आणून इथे जुळणी व्हायची. हळूहळू भाग देशात बनवायचे, हे उद्दिष्ट होते. नंतर फियाटशी करार झाला, पण तोवर वालचंद आजारी होते. ८ एप्रिल १९५३ रोजी त्यांचे निधन झाले. कुर्ल्याची फियाट ११०० त्यांना पाहता आली नाही. तीच गाडी पुढे पद्मिनी नावाने मुंबईची टॅक्सी झाली.

घाटात इंजिन का दमते?

या गाडीचे इंजिन १,०८९ सीसीचे, त्याला एक कार्ब्युरेटर. पोलादपूर समुद्रसपाटीच्या जवळ, तर महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटर उंच. तिथे हवा सुमारे १२ टक्के विरळ असते. कार्ब्युरेटरच्या जेटचे छिद्र ठरलेले, त्यामुळे पेट्रोल त्या प्रमाणात कमी होत नाही. मिश्रणात पेट्रोल जास्त होते, प्लग काळे पडतात, ताकद घटते.

इंजेक्शनमध्ये सेन्सर हवेचा दाब आणि तापमान मोजतात, ऑक्सिजन सेन्सर धुरावर नजर ठेवतो आणि ईसीयू प्रत्येक क्षणी पेट्रोलचे प्रमाण ठरवतो.

काय बदलावे लागते?

• कार्ब्युरेटरच्या जागी थ्रॉटल बॉडी आणि इंजेक्टर
• जुन्या पंपाऐवजी साधारण ३ बार दाबाचा इलेक्ट्रिक पंप आणि टाकीकडे परतीची नळी
• क्रँक सेन्सर, ईसीयू आणि नवे वायरिंग
• गाडीला डायनामो असेल तर अल्टरनेटर, कारण हा भार डायनामोला झेपत नाही
• टाकीतला गंज साफ करून बारीक फिल्टर, नाहीतर इंजेक्टर तुंबतो

कायदा काय सांगतो?

२०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या वाहनाला ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळते. पण ते मूळ स्वरूपात हवे, इंजिनात मोठा फेरबदल झालेला चालत नाही. म्हणजे घाट सोपा होईल, पण वालचंद यांच्या कारखान्याची मूळ ओळख कागदोपत्री गमावण्याचा धोका आहे. त्यामुळे काम सुरू करण्याआधी आरटीओत विचारणा करावी. मूळ कार्ब्युरेटर, मॅनिफोल्ड आणि पंप भंगारात न देता जपून ठेवावेत. मॅनिफोल्ड कापला नसेल, तर इंजिन पुन्हा पूर्ववत करता येते.