ल्यूक हॉवर्ड

सिरस, क्यूम्युलस, स्ट्रॅटस हीं ढगांचीं नांवें भूगोलाच्या पुस्तकांत पाठ करतांना मुलें कंटाळतात. तीं नांवें देणारा पुरुष कोणी विद्यापीठांतला पंडित नसून लंडनमधील औषधांचा एक व्यापारी होता. त्याच पुरुषानें, शहरें भोंवतालच्या मुलखापेक्षां उष्ण असतात ही गोष्ट प्रथम आंकड्यांनिशीं दाखवून दिली, हें मात्र थोड्यांसच ठाऊक असतें.

ल्यूक हॉवर्डचा जन्म लंडन येथें २८ नोव्हेंबर १७७२ रोजीं झाला. बापाचा पत्र्याच्या सामानाचा व दिव्यांचा कारखाना होता. घराणें क्वेकर पंथाचें. साधा पोशाख, मोजकें भाषण व व्यवहारांत सचोटी हा त्या लोकांचा बाणा. मुलास बर्फर्ड येथील क्वेकर शाळेंत ठेवण्यांत आलें. तेथें लॅटिन पुष्कळ घोकावें लागलें व इतर विषय मागें पडले, अशी तक्रार त्यानें पुढें म्हातारपणाकडे झुकल्यावरहि केली आहे. तथापि ढगांना नांवें देतांना तेंच लॅटिन त्याच्या कामीं आलें!

१७८३ सालीं आइसलंडांत लाकी येथें ज्वालामुखीचा उद्रेक होऊन युरोपभर कोरडें धुकें पसरलें. सूर्य तांबूस दिसूं लागला. त्याच वर्षीं १८ ऑगस्टच्या रात्रीं एक प्रचंड उल्का इंग्लंडावरून गेली. ल्यूक तेव्हां दहा वर्षांचा होता. त्याची नजर आकाशाकडे लागली ती कायमचीच.

शाळा संपल्यावर स्टॉकपोर्ट येथें एका औषधविक्यापाशीं त्यानें उमेदवारी केली, व पुढें विल्यम अॅलन याच्या भागीदारींत लंडनला धंदा मांडिला. ह्या दोघां मित्रांच्या मंडळांत असा नियम होता कीं, पाळी येईल त्यानें निबंध वाचावा, नाहींतर दंड भरावा. डिसेंबर १८०२ मध्यें हॉवर्डनें ढगांवर निबंध वाचला व त्याचें नांव युरोपभर झालें. जर्मन महाकवि गोएटे यानें त्याच्या गौरवार्थ काव्य रचलें. इतकी कीर्ति लाभल्यावर दुसरा एखादा मनुष्य तेवढ्यावरच थांबला असता. हॉवर्ड थर्मामीटरकडे वळला.

लंडनबाहेर प्लेस्टो येथें त्याचें बिऱ्हाड होतें. तेथें, व पुढें स्ट्रॅटफर्ड आणि टॉटनहॅम येथें, दिवसाची अत्युच्च उष्णता व रात्रीची अतिनीच उष्णता तो वर्षानुवर्षें टिपीत गेला. आज हीं गांवें लंडनच्या पोटांत गेलीं आहेत. तेव्हां त्यांच्या सभोंवार शेतें होतीं. ऐन शहरांतील आंकडे रॉयल सोसायटीच्या सॉमरसेट हाउसमधील नोंदींत मिळत. दोन्ही याद्या शेजारीं शेजारीं मांडतांच फरक दिसला. सरासरीनें पाहतां शहरांतील रात्र बाहेरच्या रात्रीपेक्षां ३.७० अंश फॅरेनहाइट, म्हणजे सुमारें २ अंश सेल्सिअस, अधिक उष्ण होती. दिवस मात्र ०.३४ अंशानें थंडच होता. शहराची उष्णता ही मुख्यतः रात्रीची गोष्ट आहे, हा त्याचा खरा शोध.

याचीं कारणेंहि त्यानें शोधलीं. हजारों चुलींत व शेगड्यांत दगडी कोळसा जळतो, माणसांची दाटी असते. समोरासमोरच्या भिंती ऊन घेतात व एकमेकींवर टाकतात. हलका वारा घरांना अडतो. आणि फरसबंद जमिनींत ओल नसल्यामुळें पाण्याची वाफ होऊन जी थंडाई यावयाची ती येत नाहीं. लंडनच्या हवामानावरील त्याचा ग्रंथ १८१८ व १८२० सालीं दोन भागांत निघाला, आणि १८३३ सालीं वाढवून तीन भागांत. दोनशें वर्षांनंतर शास्त्रज्ञ हीं कारणें अधिक बारकाईनें सांगतात, परंतु यांतील एकहि त्यांना खोडून टाकावें लागलेलें नाहीं.

नाकाडोंगरीच्या वाचकांस हें दूरचें वाटावयास नको. आपल्याकडे वैशाखांत दुपारीं उघडें रान शहराइतकेंच, क्वचित् अधिकहि, तापतें. पण सूर्य मावळल्यावर तें लवकर निवतें. नागपुरासारख्या शहरांत सिमेंट व डांबर दिवसभर गिळलेली उष्णता रात्रभर ओकत राहतात, व हल्लीं वातानुकूलित खोल्यांतून बाहेर टाकलेली गरम हवा तींत भर घालते. ज्यास हें यंत्र परवडतें तो आंत थंड झोपतो. त्याची ऊष्णता गल्लींतल्या पत्र्याच्या खोलींत निजणाऱ्याच्या वांट्यास येते. दिवसभर उन्हांत राबलेल्या शरीरास रात्रीं निवण्यास अवसर मिळाला नाहीं, तर उष्माघाताचें भय वाढतें. आपल्या गांवचीं पुष्कळ मुलें शिकण्यास वा मजुरीस शहरांत जातात, तीं बहुधा अशाच खोल्यांत राहतात. म्हणून तलाव बुजविणें व झाडें तोडणें हा केवळ शोभेचा प्रश्न नव्हे.

हॉवर्ड नुसता आंकडेमोड करणारा नव्हता. गुलामगिरीविरुद्धच्या चळवळींत तो होता, व नेपोलियनच्या युद्धांत उध्वस्त झालेल्या जर्मन लोकांसाठीं त्यानें मदत गोळा केली. १८२१ मध्यें तो रॉयल सोसायटीचा सभासद झाला. त्याच्या कारखान्याचा पुढें क्विनाइनविषयीं मोठा लौकिक झाला. त्याचा मुलगा जॉन एलियट हॉवर्ड यानें हिंदुस्थानांत लाविलेल्या सिंकोनाच्या सालींचा अभ्यास करून ग्रंथ लिहिला. हिंवतापानें ज्या जिल्ह्यांत पिढ्यान् पिढ्या घरें उजाड केलीं, तेथील लोकांस हें घराणें अगदींच परकें म्हणतां येणार नाहीं.

२१ मार्च १८६४ रोजीं, वयाच्या एक्याण्णवाव्या वर्षीं, टॉटनहॅममधील ब्रूस ग्रोव्ह येथें त्याचें देहावसान झालें. त्या घरावर लाविलेल्या निळ्या पाटीवर ढगांना नांवें देणारा म्हणून त्याचा उल्लेख आहे.