तंबूतले आयुष्य आणि चिनहटची सकाळ



लखनौ शहरातून फैजाबादच्या रस्त्याने पूर्वेकडे निघालात तर कुकरैल नाला ओलांडल्यावर काही वेळाने चिनहट लागते. मातीच्या रंगीत भांड्यांसाठी एके काळी नावाजलेले हे गाव आता शहराच्या पोटात गेले आहे. कुकरैलच्या राखीव वनात सुसरींची पैदास केली जाते आणि फाल्गुनातल्या गार सकाळी लखनौकर तेथे फिरावयास जातात. उन्हे चढण्यापूर्वी परतावे, सोबत पाणी असावे, एवढे शहाणपण तेथे शाळकरी मुलांनाही असते.

याच वाटेवर ३० जून १८५७ रोजी एक अनुभवी माणूस नेमके हे शहाणपण विसरला. विसरला म्हणणेही बरोबर नाही. त्याला ते ठाऊक होते, तरीही त्याच्या हातून ते मोडले गेले. त्या माणसाचे, म्हणजे सर हेन्री लॉरेन्स यांचे चरित्र आपल्यापुढे ठेवीत आहे. इतिहासाच्या पुस्तकांत ते सेनानी व प्रशासक म्हणून भेटतात. मला मात्र ते तंबूत राहणारे, पायवाटांवर आयुष्य काढलेले गृहस्थ म्हणून अधिक जवळचे वाटतात, आणि चिनहटची शोकांतिका त्या बाजूने पाहिल्यावरच पुरती कळते.

हेन्री मॉन्टगोमेरी लॉरेन्स यांचा जन्म २८ जून १८०६ रोजी सिंहलद्वीपातील मातारा येथे झाला. वडील आयरिश लष्करी अधिकारी. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टणच्या वेढ्यात ते जखमी झाले होते. हेन्रींचे शिक्षण आयर्लंडमधील डेरी येथे व पुढे कंपनी सरकारच्या अ‍ॅडिसकोम्ब येथील लष्करी विद्यालयात झाले. १८२३ मध्ये ते बंगालच्या तोफखान्यात दाखल होऊन कलकत्त्याजवळ डमडम येथे आले. तेथील धर्मगुरूंच्या सहवासात त्यांची ख्रिस्ती श्रद्धा दृढ झाली. पवित्र शास्त्राचे वाचन व प्रार्थना हा नेम पुढे तंबूतही मोडला नाही.

ओल्या अरण्याशी त्यांची पहिली गाठ पडली ती आराकानात. ब्रह्मदेशाच्या पहिल्या युद्धात १८२५ साली त्यांची तुकडी तेथे गेली. वसंत ऋतूत लष्कराने आराकानचे ठाणे जिंकले आणि पावसाळा तोंडावर असताना तेथेच तळ दिला. चहूकडे दाट झाडी, खाड्या, दलदल. कपडे वाळत नाहीत, चूल पेटत नाही, दारूगोळ्याला ओल येते. शत्रूच्या गोळीने जितकी माणसे गेली त्याहून कितीतरी अधिक तापाने गेली. लॉरेन्स यांना जडलेल्या तापाने त्यांना १८२७ मध्ये मायदेशी पाठविले, आणि पुढे आयुष्यभर तो त्यांच्या शरीरात ठाण मांडून राहिला. तळ कोठे द्यावा आणि कोणत्या महिन्यात तेथून उठावे, हा धडा ते एकोणीस वर्षांच्या वयात शिकले. त्याची किंमत मात्र फार होती.

परत आल्यावर १८३३ पासून त्यांनी वायव्य प्रांतांत महसुली मोजणीचे काम पत्करले. मुरादाबाद, गोरखपूर, अलाहाबाद या जिल्ह्यांत गावोगावची शीव साखळीने मोजायची, नकाशे करायचे, आणि कार्तिकापासून उन्हाळ्यापर्यंत घर म्हणजे तंबू. २१ ऑगस्ट १८३७ रोजी कलकत्त्यास त्यांचा विवाह होनोरिया मार्शल यांच्याशी झाला. आयर्लंडमध्ये झालेल्या ओळखीनंतर दोघांनी जवळजवळ नऊ वर्षे वाट पाहिली होती. नववधूचा संसार सुरू झाला तो गोरखपूरच्या मोजणी-तळावर.

त्या संसाराची थोडी कल्पना करा. तंबूंचे दोन जोड असत. एक रात्रीच पुढच्या मुक्कामी रवाना होई. दुसऱ्यात झोपायचे आणि उजाडण्यापूर्वी मशालीच्या उजेडात तो उठवायचा. दव पडल्यावर सुती कापड जड होते, जनावराच्या पाठीवर त्याचे ओझे वाढते. म्हणून वेळ असेल तर उन्हात वाळवूनच गुंडाळायचे. भिजल्यावर तणावे आखडतात. रात्री पाऊस आला आणि कोणी उठून ते सैल केले नाहीत, तर मेखा जमिनीतून उपटून येतात आणि तंबू झोपलेल्यांच्या अंगावर बसतो! तळाभोवती चर खणायचा, मोठ्या झाडाच्या वाळक्या फांदीखाली राहुटी ठोकायची नाही, पिण्याचे पाणी गुरांच्या पाणवठ्याच्या वरच्या अंगाने भरायचे. तराईच्या कडेचे सालवृक्ष माघ-फाल्गुनात पाने टाकतात. जमिनीवर गुडघाभर पाचोळा साचतो, एक ठिणगी पुरते. पश्चिमेचा कोरडा वारा सुटला की दुपारी तंबूत बसवत नाही, आणि पहाटे मात्र धुक्याने अंथरूण ओले झालेले असते. होनोरियाबाईंनी हे सारे रोजनिशीत व पत्रांत लिहून ठेवले. तक्रारीचा सूर त्यांच्या लेखणीला फारसा जमत नसे.

पुढे अफगाण युद्धाच्या धामधुमीत १८४२ साली लॉरेन्स काबूलच्या स्वारीवर गेले. १८४३ अखेरीस त्यांची नेमणूक नेपाळच्या दरबारी वकील म्हणून झाली, आणि त्यांच्या पाठोपाठ होनोरियाबाईही काठमांडूस गेल्या. त्या खोऱ्यात राहावयास गेलेल्या त्या पहिल्या युरोपीय स्त्री होत.

ही वाट मुद्दाम सांगण्यासारखी आहे. बिहारच्या सपाटीवरून प्रथम तराईचे अरण्य, मग हेटौंडा, भीमफेदी, चिसापानीची चढण, आणि शेवटी सात हजार फुटांहून उंच असलेली चंद्रागिरीची खिंड. चाकाची गाडी तेथे जात नव्हती. माणसाने पायी चालावे किंवा डोलीत बसावे. वर बांज व शेवाळलेल्या खोडांचे थंड, ओले वन. फाल्गुन-चैत्रात त्यात लाली गुरांसची तांबडी फुले उघडतात, आणि त्याच दिवसांत दुपारून गारांचा पाऊस झोडपतो, पायवाट निसरडी होते, रात्री हात गारठतात. प्रवाशाला वाटेल की आणखी पंधरा दिवस थांबावे, हवा उबदार होईल. पण थांबता येत नाही. वर वसंत फुलत असताना खाली तराईत तापाचे दार उघडत असते. नेपाळी लोक या तापास औल म्हणतात. चैत्र सरल्यावर कार्तिकापर्यंत त्या रानात रात्र काढावयाची नाही, हा तिकडचा अलिखित कायदा होता. दूषित हवेने ताप येतो, अशी त्या वेळची समजूत. डास हे कारण रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबाद येथे १८९७ मध्ये दाखवून दिले. कारण ठाऊक नसतानाही वेळ मात्र लोकांनी अचूक ओळखली होती. व्हाइसरॉय कॅनिंग यांच्या पत्नी दार्जिलिंगहून परतताना १८६१ मध्ये याच पट्ट्यात आजारी पडल्या आणि नोव्हेंबरात निवर्तल्या.

लॉरेन्स दांपत्याने हा कायदा पाळला. जानेवारी १८४५ मध्ये त्यांच्या मुलाचा जन्म काठमांडूतच झाला. याच निवांत वर्षांत लॉरेन्स यांनी कलकत्ता रिव्ह्यू या त्रैमासिकात देशी शिपायांच्या असंतोषाविषयी लेख लिहिले. असे चालू राहिले तर एक दिवस भडका उडेल, असा इशारा त्यांनी बंडाच्या तेरा-चौदा वर्षे आधी दिला होता. कोणी मनावर घेतले नाही.

१८४६ नंतरचा पंजाबचा काळ मी थोडक्यात उरकतो, कारण तो सर्वत्र लिहिलेला आहे. लाहोरचे रेसिडेंट, मग १८४९ पासून धाकटे बंधू जॉन यांच्यासह पंजाबच्या कारभारी मंडळावर. जुन्या सरदारांच्या जहागिरी एकदम बुडवू नयेत, असे हेन्रींचे मत. जॉन यांचे उलट. लॉर्ड डलहौसी जॉन यांच्या बाजूस झुकले, आणि १८५३ मध्ये हेन्रींना राजपुतान्यात जावे लागले. त्या वर्षांतले एक काम मात्र विसरता येणार नाही. सैनिकांच्या बराकीत उन्हाळ्याने व तापाने लेकरे मरताना त्यांनी पाहिली होती. त्यांची स्वतःची तान्ही मुलगीही १८४१ मध्ये गेली होती. एप्रिल १८४७ मध्ये कसौलीजवळ सनावर येथे चिडांच्या वनात त्यांनी अशा मुलांसाठी आश्रम काढला. आरंभी चौदा मुले-मुली होती. निधीचा मोठा भाग स्वतःच्या पगारातून जाई. तीच आजची सनावरची लॉरेन्स शाळा. निलगिरीतील लव्हडेलची शाळा त्यांच्या मृत्यूनंतर १८५८ साली निघाली.

१५ जानेवारी १८५४ रोजी अबूच्या पहाडावर होनोरियाबाईंचे निधन झाले. सोळा वर्षे ज्या तंबूत दोन खुर्च्या मांडल्या जात तेथे आता एकच राहिली.

२० मार्च १८५७ रोजी लॉरेन्स अवधचे मुख्य आयुक्त म्हणून लखनौस पोहोचले. नवाबाचे राज्य आदल्याच वर्षी कंपनीने खालसा केले होते, आणि जखम ओली होती. एप्रिलमध्ये बिठूरचे नानासाहेब पेशवे लखनौस आले, तेव्हा लॉरेन्स यांनी त्यांचे आदराने स्वागत केले. मे महिन्यात मेरठ पेटले, ३० मे रोजी लखनौ. लॉरेन्स यांनी रेसिडेन्सीत धान्य व दारूगोळा भरून ठेवला. लोक तिला बेलीगारद म्हणतात. जूनमध्ये त्यांची प्रकृती इतकी ढासळली की वैद्यांनी काही दिवस सक्तीची विश्रांती दिली. आराकानचा जुना सोबती सुटलेला नव्हता.

जूनच्या अखेरीस बातमी आली की बंडवाल्यांचे सैन्य चिनहटला पोहोचले आहे. बाहेर पडून चाल करावी, असा सहकाऱ्यांचा, विशेषतः वित्त आयुक्त मार्टिन गबिन्स यांचा, आग्रह होता. लॉरेन्स यांच्या मनाने कौल दिला नव्हता. तरी ते तयार झाले. दोनच दिवसांपूर्वी त्यांना एकावन्नावे वर्ष पुरे झाले होते.

पहाटे निघावयाचे ठरले होते. निघेपर्यंत ऊन वर आले. ३२ व्या पलटणीचे सुमारे ३०० गोरे शिपाई, दोनशेहून अधिक देशी शिपाई, थोडे घोडेस्वार, ११ तोफा. त्यांपैकी एक मोठी हॉवित्झर हत्ती ओढीत होता. शिपायांच्या पोटात न्याहारी नव्हती. कुकरैलच्या पुलाशी फौज थांबली. समोर शत्रू दिसेना. येथून परतता आले असते, किंवा सावलीत बसून माणसांना खाऊ घालता आले असते. हुकूम मात्र पुढे जाण्याचा झाला. जूनच्या अखेरचे ते ऊन, पाऊस लांबलेला, हवेत वारा नाही. पखाली वाहणारे भिस्ती निघून गेले, आणि पाणी संपले. इस्माईलगंज गावाच्या आणि आमराईच्या आडून बरकत अहमद यांच्या नेतृत्वाखालील हजारोंच्या सैन्याने गोळीबार सुरू केला. त्यांनी रणांगण नीट निवडले होते, आणि लढाईही नीट लढली. लॉरेन्स यांच्याकडील काही देशी गोलंदाज त्यांना जाऊन मिळाले, घोडदळ पळाले, हॉवित्झर शत्रूच्या हाती पडली. ३२ व्या पलटणीचे शंभराहून अधिक शिपाई मारले गेले. काही जण गोळी न लागताच, केवळ उन्हाने कोसळले. १३ व्या पलटणीचे देशी शिपाई आपले जखमी मागे टाकून गोऱ्या जखमींना उचलून आणीत होते, असे त्या दिवसाच्या हकिगतींत नमूद आहे. पुलावर लॉरेन्स यांनी गोलंदाजांना पेटत्या काकड्यानिशी तोफांजवळ उभे केले. तोफांत गोळाच नव्हता. त्या धाकाने पाठलाग जरा थबकला आणि उरलेले लोक पूल ओलांडू शकले.

वाचकहो, आपण भारतीय ख्रिस्ती आहोत, आणि या प्रसंगाकडे पाहताना मनाची ओढाताण होते. लॉरेन्स परक्या सत्तेचे अधिकारी होते. ज्यांनी त्यांना हरविले ते याच मातीतले होते आणि त्यांचे राज्य नुकतेच हिसकावले गेले होते. यातले काहीही झाकून हे चरित्र सांगता येणार नाही. पण या गृहस्थांनी पराभवाचे खापर गबिन्सवर फोडले नाही, पळालेल्या घोडेस्वारांवरही फोडले नाही. आपण स्वतःच्या विवेकाविरुद्ध गेलो, आणि त्याचे मूळ लोक काय म्हणतील या भयात होते, हे त्यांनी कबूल केले. वीस वर्षे ज्याने कुणाला उपाशीपोटी उन्हात चालविले नव्हते, त्याला ही कबुली किती जड गेली असेल?

दुसऱ्याच दिवशी, १ जुलैला, चिनहटला गमावलेल्या त्याच हॉवित्झरचा एक गोळा त्यांच्या खोलीत येऊन फुटला. इजा झाली नाही. खोली बदला, असे सर्वांनी विनविले. ते उद्यावर ढकलले गेले. २ जुलैच्या सकाळी दुसरा गोळा आला आणि त्यांची मांडी फुटली. पुढचे दोन दिवस शुद्ध होती तोवर त्यांनी वेढ्याच्या सूचना दिल्या, प्रभुभोजनाचा विधी घेतला, ज्यांना आपण दुखावले असेल त्यांची क्षमा मागितली आणि सनावरच्या मुलांचा विसर पडू देऊ नका असे सांगितले. थडग्यावर पराक्रमाची अक्षरे नकोत, कर्तव्य करण्याचा प्रयत्न केला एवढेच असावे, ही त्यांची इच्छा होती. ४ जुलैच्या सकाळी त्यांनी प्राण सोडला. बाहेर गोळीबार चालूच होता. मृतदेह उचलण्यासाठी ३२ व्या पलटणीचे शिपाई आले, तेव्हा एकाने चेहऱ्यावरची चादर बाजूस करून त्यांच्या कपाळाचे चुंबन घेतले. मग बाकीच्यांनीही तसेच केले. रात्री इतर मृत शिपायांच्या सोबतच त्यांना मातीआड करण्यात आले.

मार्च १८५८ मध्ये लखनौ इंग्रजांनी परत घेतले. बेगम हजरत महल, नानासाहेब आणि त्यांचे हजारो साथीदार हटत हटत उत्तरेस सरकले आणि तराईच्या त्याच सालवनात शिरले. १८५९ चा उन्हाळा आणि पावसाळा त्यांना तेथेच काढावा लागला. बंदुकीतून वाचलेले कितीतरी जण औलाने गेले. नानासाहेबही तापाने गेले, असे त्या काळी सांगितले गेले. बेगम मात्र डोंगर चढून काठमांडूस पोहोचल्या. १८७९ मध्ये त्यांचा तेथेच अंत झाला, आणि चंद्रागिरीच्या पलीकडच्या त्या खोऱ्यातच त्यांची कबर आहे.