लोकलच्या वेगाला लगाम घालणारा अभियंता

मुंबईच्या लोकलमध्ये मोटरमन पहिल्या डब्यात बसून हातातील दांडा फिरवतो आणि मागे संपूर्ण गाडीत विखुरलेल्या मोटारी एकाच क्षणी वेग घेतात. रोज लाखो प्रवाशांच्या पायाखाली घडणाऱ्या या किमयेचा कर्ता म्हणजे फ्रँक ज्युलियन स्प्रेग. अमेरिकेत विद्युत कर्षणाचे जनक म्हणून त्यांची ख्याती आहे. आपल्याकडे मात्र एडिसन आणि टेस्ला यांच्या झगमगाटात हे नाव झाकोळूनच गेले.

स्प्रेग यांचा जन्म २५ जुलै १८५७ रोजी कनेक्टिकट राज्यातील मिलफर्ड येथे झाला. लहान वयातच मातृछत्र हरपल्याने ते आत्याकडे वाढले. अ‍ॅनापोलिसच्या नौदल अकादमीतून १८७८ मध्ये ते पदवीधर झाले. नौदलात असतानाच १८८२ मध्ये विद्युत प्रदर्शनाच्या निमित्ताने ते लंडनला गेले. तेथील भुयारी रेल्वे तेव्हा वाफेच्या इंजिनांवर धावत असे. धुराने कोंदलेल्या त्या बोगद्यांतून प्रवास करताना विजेवर चालणाऱ्या गाडीचा विचार त्यांच्या मनात पक्का झाला.

१८८३ मध्ये नौदल सोडून ते एडिसन यांच्याकडे रुजू झाले. पण एडिसन यांचे लक्ष दिव्यांकडे आणि स्प्रेग यांचे मोटारींकडे. वर्षभरातच ते बाहेर पडले आणि १८८४ मध्ये त्यांनी स्वतःची कंपनी काढली. भार वाढला की मोटारीचा वेग ढासळणे आणि ब्रशपाशी ठिणग्या उडणे हे त्या काळच्या मोटारींचे जुने दुखणे होते. भार बदलला तरी वेग कायम राखणारी आणि ठिणग्या न उडवणारी मोटार स्प्रेग यांनी तयार केली.

खरी कसोटी लागली ती व्हर्जिनियातील रिचमंड शहरात. १८८७ मध्ये त्यांनी घेतलेले कंत्राट आज वाचले तरी छाती दडपते. बारा मैलांचा मार्ग, चाळीस गाड्या, ऐंशी मोटारी, वीजनिर्मितीची सारी व्यवस्था आणि मुदत अवघी नव्वद दिवसांची! मोबदला १ लाख १० हजार डॉलर, तोही काम समाधानकारक ठरले तरच. त्यातच स्प्रेग विषमज्वराने अंथरुणाला खिळले. शहरात शेकडा दहापर्यंत चढ होते. चाचणीच्या रात्री गाडी चढ चढली खरी, पण मोटार निकामी झाली. जमलेल्या गर्दीला बिघाड कळू नये म्हणून उपकरणे मागवल्याचा बहाणा करण्यात आला. गर्दी पांगल्यावर ती ‘उपकरणे’ आली, म्हणजे गाडी ओढून नेण्यासाठी खेचरे आली, असा किस्सा सांगितला जातो.

फेब्रुवारी १८८८ मध्ये रिचमंडची ट्राम नियमितपणे धावू लागली. या व्यवहारात स्प्रेग यांना सुमारे पाऊण लाख डॉलरचा तोटा झाला. पण बोस्टनच्या घोडा-ट्राम कंपनीचे प्रमुख हेन्री व्हिटनी पाहणीस आले, तेव्हा रात्री बावीस गाड्या एका रांगेत उभ्या करून एकामागोमाग सोडण्यात आल्या आणि त्या सगळ्या धावल्या. व्हिटनी यांनी वीज निवडली. पुढच्या दोन वर्षांत स्प्रेग यांच्या पद्धतीच्या शंभराहून अधिक ट्रामव्यवस्था उभ्या राहिल्या किंवा ठरल्या. १८९० मध्ये एडिसन यांच्या कंपनीने त्यांची कंपनी ताब्यात घेतली आणि यंत्रांवरून स्प्रेग हे नाव पुसले गेले. ही गोष्ट त्यांच्या जिव्हारी लागली आणि त्यांनी राजीनामा दिला.

यानंतर ते विजेच्या उद्वाहनांकडे, म्हणजे लिफ्टकडे वळले. अनेक लिफ्ट एकाच ठिकाणाहून चालवता येतात, तर अनेक डबे का नाही, या विचारातून त्यांचे सर्वांत मोठे काम जन्मले. प्रत्येक डब्याला स्वतःच्या मोटारी आणि स्वतःचा नियंत्रक द्यायचा. चालकाच्या दांड्यातून जड प्रवाह न्यायचा नाही, तर फक्त आज्ञा देणारा क्षीण प्रवाह तारेने गाडीभर खेळवायचा. शिकागोच्या साउथ साइड उन्नत रेल्वेचे काम मिळवण्यासाठी त्यांनी एक लाख डॉलरची हमी दिली. जुलै १८९७ मधील प्रात्यक्षिकात गाडी चालवली ती त्यांच्या दहा वर्षांच्या मुलाने, डेस्मंडने. यंत्रणा किती सोपी आहे, हे दाखवण्याचा याहून चांगला मार्ग तो कोणता?

हुकूम देणारे मंडल वेगळे आणि शक्ती वाहणारे मंडल वेगळे, हे तत्त्व आजही टिकून आहे. बदलला आहे तो हुकमाचा बरदार. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी देशातील पहिली विद्युत गाडी धावली, तीही याच बहुघटक पद्धतीची. जुन्या डीसी लोकलमध्ये गाडी सुटताना विजेचा काही भाग रोधकांत जिरवून मोटारीला आवर घातला जाई. ती वीज उष्णता होऊन अक्षरशः हवेत जात असे. २००७ पासून आलेल्या नव्या गाड्यांत मात्र पल्स विड्थ मॉड्युलेशनचा, अर्थात स्पंदांची रुंदी बदलण्याचा मार्ग आहे. अर्धवाहकांचे स्विच सेकंदाला शेकडो वेळा उघडतात आणि मिटतात. स्विच जितका अधिक काळ चालू, तितका सरासरी दाब जास्त. स्विच एकतर पूर्ण चालू असतो किंवा पूर्ण बंद, त्यामुळे वीज जिरवावी लागत नाही. कोणता स्विच केव्हा उघडायचा, याचा हिशेब संगणकीय नियंत्रक ठेवतो. हौशी विद्यार्थी टेबलावर मायक्रोकंट्रोलर लावून खेळण्यातील मोटार फिरवतो, त्यातही तत्त्व हेच. नखाएवढी चकती हुकूम सोडते, ताकद दुसरीकडून येते.

ब्रेक लावताना मोटारीलाच जनित्र करून वीज परत मिळवण्यावरही स्प्रेग यांनी १८८० च्या दशकातच काम केले होते. मुंबईच्या नव्या लोकल आज तेच करतात.

१९०२ मध्ये त्यांची पुढची कंपनी जनरल इलेक्ट्रिकने विकत घेतली. न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकाच्या विद्युतीकरणात आणि पहिल्या महायुद्धात नौदलाच्या सल्लागार मंडळावरही त्यांनी काम केले. २५ ऑक्टोबर १९३४ रोजी न्यूयॉर्क येथे त्यांचे निधन झाले. आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत त्यांचे दफन करण्यात आले.